डोंगरावरची धावपट्टी: सातबाऱ्यापासून पहिल्या पावसापर्यंत

कर्जत, मुरबाड नाहीतर थेट घाटमाथ्यावर जमीन घेतलेला माणूस मुंबईतल्या आमच्या ऑफिसात धावपट्टीचं बोलायला येतो, तेव्हा त्याच्याकडे उपग्रह नकाशाचं प्रिंट असतं आणि त्यावर पेनाने मारलेली एक सरळ रेघ. ही रेघ हमखास जागेच्या सगळ्यात लांब बाजूने गेलेली असते. पण जमिनीची लांबी हा शेवटी बघायचा मुद्दा. रेघेच्या दोन्ही टोकांपुढे काय आहे ते आधी बघायचं, मग वारा, मग खडक आणि पाणी. एवढं जुळलं तर लांबीचं बोलू. सह्याद्रीत लहान विमानासाठी खासगी धावपट्टी करताना काम कोणत्या क्रमाने जातं आणि कुठे अडतं, ते इथे मांडतो आहोत. हिशोबाला विमान धरलंय सेस्ना ग्रँड कॅराव्हॅन ईएक्स: एक टर्बोप्रॉप इंजिन, सुमारे चार टन वजन, पंखांचा पसारा १५.८७ मीटर.

कागदपत्रांत सगळ्यात आधी सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना वाचायचा. तिथे खासगी वनाचा किंवा भारतीय वन कायद्याच्या कलम ३५(३) खालच्या नोटिशीचा शेरा असेल तर मोजणीवाल्याला बोलावण्याआधी वकिलाला बोलवा. खासगी वनं सरकारजमा करणारा महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम १९७५ चा. जुनी नुसती नोटीस निघाली म्हणून जमीन वन होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं, तरी प्रत्यक्षात शेरा कमी करून घ्यायला वेळ जातो. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेचं कलम ३६अ लागतं, म्हणजे बिगरआदिवासीला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. घेणारा शेतकरी नसेल तर कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. त्याशिवाय प्रादेशिक आराखड्यात जागा डोंगरमाथा-डोंगरउतारात दाखवली आहे का ते बघायचं, कारण १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मुभा नाही. माथेरानभोवतीचा पट्टा २००३ पासून पर्यावरण-संवेदनशील आहे, त्याच्या हद्दीत तर या विषयाची फाइल उघडूच नये.

पर्यावरण परवानगीबाबत एक गोष्ट फायद्याची आहे. २००६ च्या अधिसूचनेत विमानतळ येतात, पण जिथे इंधनाचा साठा नाही अशा हवाईपट्ट्यांना नंतरच्या दुरुस्तीने सूट मिळाली. म्हणून जागेवर इंधनाची टाकी ठेवायची नाही, हा निर्णय पहिल्याच बैठकीत घेऊन टाकावा. विमानाने मुंबईहून किंवा पुण्याहून परतीचं इंधन भरून यायचं. उतरताना वजन जास्त राहतं, हे मात्र लांबीच्या हिशोबात धरायचं.

विमान वाहतूक महासंचालनालयाकडे अर्ज खासगी वापराच्या परवान्याचा. त्यासाठी संरक्षण मंत्रालय, स्थानिक प्राधिकरण आणि जमीनमालकाची संमती लागते. मुंबई आणि पुण्याच्या मधल्या पट्ट्यात खरी अडचण आकाशाची आहे. एका बाजूला सांताक्रूझची आणि आता नवी मुंबईचीही उड्डाणं, दुसऱ्या बाजूला लोहगावचा हवाई दलाचा तळ. जागा उत्तम आणि वरचं आकाश भरलेलं, असं इथे सहज होतं. म्हणून हवाई वाहतूक नियंत्रणाकडे अनौपचारिक चौकशी जमिनीचा इसार देण्याआधीच करून घ्यावी.

आता टोकांपुढचं. कॅराव्हॅनला समुद्रसपाटीला, प्रमाण तापमानात उड्डाणासाठी ६५८ मीटर लागतात. ८०० च्या आत असल्याने धावपट्टी संकेत क्रमांक १ ची ठरते. हा क्रमांक विमानाच्या मूळ गरजेवरून ठरतो, आपण प्रत्यक्ष किती लांब पट्टी बांधली यावरून नाही. इथे पुष्कळ जण घोटाळा करतात आणि विनाकारण क्रमांक २ चे निकष स्वतःवर ओढवून घेतात. पंखांच्या पसाऱ्यामुळे अक्षर 'बी'. म्हणजे धावपट्टीची रुंदी १८ मीटर, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३० मीटर मोकळा सपाट पट्टा आणि दोन्ही टोकांना आणखी ३० मीटर.

या पट्ट्याच्या टोकापासून उतरणीचा पृष्ठभाग सुरू होतो. सुरुवातीला ६० मीटर रुंद, दोन्ही बाजूंना १० टक्क्यांनी फाकत जाणारा, २० मीटरला १ मीटर चढणारा आणि १६०० मीटर लांब. शेवटी तो ३८० मीटर रुंद आणि ८० मीटर उंच होतो. या पृष्ठभागाच्या वर काहीही डोकावता कामा नये: टेकडी नाही, झाड नाही, मोबाइलचा टॉवर नाही. बाजूंना १:५ चा पृष्ठभाग असतो, म्हणजे मध्यरेषेपासून १०० मीटरवर फक्त १४ मीटर उंची मिळते. त्याशिवाय २००० मीटर त्रिज्येत ४५ मीटर उंचीचं आडवं छत. सह्याद्रीत या छतातून एखादा सुळका वर येणारच. त्यावर अभ्यास अहवाल, दिवा, रंग असे मार्ग निघू शकतात. उतरणीच्या मार्गात आलेल्या टेकडीवर मात्र उपाय नाही. रेघ फिरवायची, किंवा पट्टीचं टोक मागे घ्यायचं आणि लांबी गमवायची.

सपाट माथ्याच्या पठाराचा इथे मोठा फायदा असतो. दोन्ही टोकांना कडा तुटलेला असला की अडथळ्यांचा प्रश्न आपोआप सुटतो. त्याची किंमत पुढे वाऱ्यात मोजावी लागते. आणि दरीकडे बघताना विजेच्या तारा विसरायच्या नाहीत. खोपोली, भिवपुरी, भिरा ही टाटांची शंभर वर्षांच्या आसपासची जलविद्युत केंद्रं. तिथून मुंबईकडे येणाऱ्या उच्चदाब वाहिन्या याच डोंगरांवरून जातात. उपग्रह चित्रात टॉवरची सावली दिसते, तारा दिसत नाहीत. टॉवरच्या माथ्याची उंची टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षण यंत्राने) मोजून घ्यायची.

वाऱ्याचा नियम सोपा आहे. या आकाराच्या विमानाला आडवा वारा १० नॉट, म्हणजे ताशी साधारण १९ किलोमीटरपर्यंत चालतो, आणि वर्षातला ९५ टक्के वेळ तो त्या आत राहील अशी दिशा निवडायची. कुलाबा वेधशाळेकडून नोंदी मिळतात, पण त्या किनाऱ्याच्या. घाटमाथ्यावर वारा खिंडीतून वळून येतो, त्याचा कुलाब्याशी मेळ बसत नाही. जागेवर १० मीटरच्या खांबावर वाऱ्याचं यंत्र लावून निदान एक पूर्ण वर्ष नोंदी घ्याव्यात आणि वेधशाळेच्या जुन्या नोंदींशी त्या ताडून बघाव्यात. पठाराच्या दोन्ही टोकांना वेगळं यंत्र असेल तर उत्तमच. पश्चिमेचा वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि पठारावर आल्यावर खाली कोसळतो, गिरक्या घेतो. उतरणारं विमान कड्याजवळ येतं तेव्हा नेमका हा बदल त्याला भेटतो. म्हणून विमान टेकण्याची खूण कड्यापासून जितकी आत घेता येईल तितकी घ्यावी. त्यासाठी शंभर मीटर वाया गेले तरी चालतील.

लांबीचा हिशोब. जागा ६०० मीटर उंचीवर धरू. दर ३०० मीटरला ७ टक्के, म्हणजे १४ टक्के वाढ: ६५८ चे ७५०. त्या उंचीला प्रमाण तापमान ११.१ अंश. सर्वांत उष्ण महिन्यातल्या रोजच्या कमाल तापमानाची सरासरी ३४ धरली तर फरक २२.९ अंश आणि दर अंशाला एक टक्का: ७५० चे ९२२. धावपट्टीचा सरासरी उतार दीड टक्का असेल तर दर टक्क्याला १० टक्के, म्हणजे आणखी १५: १०६०. उताराची ही वाढ नियमांच्या पुस्तकात मोठ्या धावपट्ट्यांसाठी सांगितली आहे, आम्ही ती लहानांनाही लावतो. उंची आणि तापमान यांची मिळून वाढ ३५ टक्क्यांच्या वर गेली तर नुसत्या टक्केवारीवर न थांबता त्या विमानाचा स्वतंत्र अभ्यास करायला सांगितलेलं आहे. इथे ती ४० झाली. घाटमाथ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक जागेला हे लागू होईल, तेव्हा विमानाच्या पुस्तिकेतले तक्ते काढून ठेवावेतच. आपण ११०० मीटर धरू. पट्ट्यासकट ११६० बाय ६० मीटर, म्हणजे ६९,६०० चौरस मीटर.

या टप्प्यावर जमीनमालक फोनवर फ्रान्समधल्या कूर्शव्हेलच्या किंवा नेपाळमधल्या लुक्लाच्या डोंगरी धावपट्टीचा व्हिडिओ दाखवतो. कूर्शव्हेलची पट्टी ५३७ मीटर, उतार १८ टक्क्यांच्या वर. लुक्लाची ५२७ मीटर, उतार १२ टक्क्यांच्या आसपास. चढावर उतरायचं, उतारावरून उडायचं, दुसरी दिशा नाही. आपल्याकडे परवाना हवा असेल तर क्रमांक १ ला कमाल उतार २ टक्के. व्हिडिओ बघून घ्यावा आणि कामाला लागावं.

२ टक्के म्हणजे ११०० मीटरला २२ मीटर चढ, डोंगरात तो पुष्कळ वाटतो. पण मधे उंचवटा ठेवून दोन्हीकडे उतार द्यायचा मोह होतो, तिथे दृष्टिरेषेचा नियम पकडतो. 'बी' अक्षराला धावपट्टीवर दोन मीटर उंचीवरून निम्म्या लांबीपर्यंतचं दोन मीटर उंचीचं दिसायला हवं, इथे ५५० मीटर. एका बाजूला एक टक्का चढ आणि दुसऱ्या बाजूला एक टक्का उतार घेतला, मधे नियमाप्रमाणे ७५०० मीटर त्रिज्येचा १५० मीटर लांब गोलवा दिला, तर उताराच्या दृष्टीने सगळं बसतं. दृष्टिरेषा मात्र ४७५ मीटरच भरते. उतारांतला फरक दीड टक्क्यावर आणला की ५८९ होते. ही आकडेमोड कागदावर पाच मिनिटांची आहे. जागेवर भराव झाल्यावर कळलं तर माथा पुन्हा कापावा लागतो.

पातळी ठरवणं हे या कामातलं सगळ्यात महागडं पाऊल, आणि ते ऑफिसात बसूनच उचललं जातं. ड्रोनने एक मीटरच्या समतल रेषांचा नकाशा करून घ्या. गवत उंच असेल तर ड्रोन गवताची उंची मोजतो, म्हणून मोजणी मार्च-एप्रिलमध्ये करायची. धावपट्टीची पातळी सरसकट एक मीटर वर किंवा खाली सरकवली की ६९,६०० घनमीटरचा फरक पडतो, म्हणजे २४,६०० ब्रासचा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). खोदाईवर गौण खनिजाचं स्वामित्वधन असतं. तहसीलदाराकडे परवानगी न घेता मुरूम हलवला तर दंडासकट वसुली निघते, आणि ती ब्रासवरच निघते.

खोदाई आणि भराव बरोबर जुळवणं हे पाठ्यपुस्तकातलं ध्येय. आमचं मत वेगळं आहे. डोंगरावर शक्यतो खोदाई जास्त ठेवावी आणि धावपट्टीचे १८ मीटर पूर्णपणे कापलेल्या जमिनीवर बसवावेत. भराव जाऊ दे बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात आणि विमान उभं करायच्या जागेत. जास्तीचा माल रस्त्याला, तळ्याच्या बांधाला वापरता येतो. पाक्योंगला, सिक्कीममध्ये, डोंगराच्या बाजूला ७० मीटरहून उंच भराव जिओग्रिड (माती धरून ठेवणारी जाळी) घालून उभा केला, तो सरकारी विमानतळ आहे आणि त्याला तसा पैसा होता. खासगी पट्टीला तो मार्ग झेपत नाही.

पातळी पक्की करण्याआधी चाचणी खड्डे. मध्यरेषेवर दर १०० मीटरला एक, आणि तीन मीटरपेक्षा खोल कापायचं असेल तिथे बोअर. दख्खनच्या खडकात लाव्हाचे थर एकावर एक असतात: वर जांभा किंवा मुरूम, खाली काळा पाषाण, मग सच्छिद्र थर, पुन्हा पाषाण. दोन थरांच्या मधे कधी कधी तांबडा, भाजलेल्या विटेच्या रंगाचा मातीचा थर लागतो. तो अर्धा मीटर असो नाहीतर दोन, त्याच्याकडे सगळं लक्ष द्यायचं. उन्हाळ्यात ब्रेकरलाही तो घट्ट वाटतो. पहिल्या पावसाचं पाणी वरच्या पाषाणाच्या भेगांतून झिरपून या थरावर थांबतं. थर फुगतो, त्याला हात लावला की साबणासारखी बुळबुळ लागते, आणि वरचा खडक आख्खाच्या आख्खा पुढे सरकतो. कापलेल्या दरडीच्या तोंडावर हा थर दिसला तर त्याच्या वर निदान दोन-तीन मीटरची पायरी सोडायची, थराचं तोंड दगडी पिचिंगने किंवा काँक्रीटने झाकायचं आणि त्यात पाणी काढायच्या नळ्या ठेवायच्या. नुसतं झाकलं आणि नळ्या ठेवल्या नाहीत तर पाणी मागे तुंबतं आणि पिचिंगसकट दरड येते.

दुसरा त्रास गोट्यांचा. मुरमात कुजलेल्या खडकाचे गोल गाभे शिल्लक असतात, काही पोकलेनच्या बकेटपेक्षा मोठे. खड्ड्यात पाषाण लागला असं समजून बोअरवाला थांबतो, खाली पुन्हा मुरूम असतो. म्हणून पाषाण लागल्यावर आणखी तीन मीटर कापायला लावायचं. सुरुंगाला परवाना आणि परवानाधारक ब्लास्टर लागतो. गाव किंवा उच्चदाब वाहिनी जवळ असेल तर आम्ही सरळ ब्रेकरने काम धरतो. वेळ जास्त लागतो, पण तक्रारी येत नाहीत.

कामाचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या अखेरीपर्यंत. घाटमाथ्यावर वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो, आणि अर्धवट भराव त्यात टिकत नाही. त्यामुळे वेळापत्रक उलटं मांडायचं: मेअखेरीला कोणती गोष्ट पावसाला उघडी चालेल आणि कोणती नाही, तिथून मागे यायचं. पहिल्या हंगामात झाडोरा, वरची माती, खोदाई, वरच्या अंगाचा चर आणि मोऱ्या. भराव तेवढाच, जेवढा मे संपायच्या आत उतार देऊन, दगड लावून, बंद करता येईल. दुसऱ्या हंगामात उरलेला भराव, खडीचे थर, डांबर. एकाच हंगामात सगळं करून देतो म्हणणारा कंत्राटदार मिळतो. त्याच्याकडून पहिल्या पावसानंतरची दुरुस्ती करारात लिहून घ्यावी.

भरावात बिघाड कुठे होतो ते ठरलेलं आहे. मूळ डोंगरउतार १:४ पेक्षा तीव्र असेल तिथे नुसता माल ओतला की तो गवताळ उतारावर बसतो आणि पहिल्या पावसात घसरतो. आधी काळी माती, मुळं पूर्ण काढायची, मग उतारात पायऱ्या कापायच्या, पोकलेन फिरू शकेल एवढ्या रुंद, आणि पायरीचा तळ डोंगराच्या आत किंचित झुकलेला. प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात झरा आहे का बघायचं. मार्चमध्ये कोरडा दिसणारा कोपरा जुलैत वाहतो. तिथे हिरवं गवत किंवा नेच्याचं पान दिसलं तर झरा धरूनच चालायचं आणि खडीचा निचरा घालायचा.

मुरमाचा थर सैल २०० ते २५० मिलिमीटर, वर १० टनांचा कंपन रोलर. दगडाचा भराव असेल तर थर अर्ध्या मीटरपर्यंत चालतो, पण सगळ्यात मोठा दगड थराच्या दोन-तृतीयांशाहून मोठा नको, आणि फटी बारीक मालाने भरायच्या. पाण्याचा हिशोब कोणी आधी करत नाही. मुरमात ओलावा सहा टक्के वाढवायचा तर दर घनमीटरला साधारण ११४ लिटर पाणी लागतं. दिवसाला हजार घनमीटर भराव म्हणजे १० हजार लिटरचे अकरा टँकर, तेही एप्रिलमध्ये, जेव्हा खालच्या वाडीला प्यायला पाणी नसतं. त्यामुळे पहिल्या पावसाळ्याचं पाणी साठवायला शेततळं आधीच खणून ठेवावं.

दाबलेल्या थराची चाचणी वाळू-प्रतिस्थापन पद्धतीने. थरात गोल खड्डा घेतात, निघालेला माल पिशवीत भरून वजन करतात, खड्ड्यात प्रमाणित वाळू सोडून त्याचं आकारमान काढतात, कार्बाइडच्या डबीत ओलावा बघतात. जागा कुठली निवडली यावर निकाल ठरतो. लॅबचा पोऱ्या रोलरच्या मधल्या पट्ट्यात खड्डा घेतो, तिथे घनता ९८ टक्के येणारच. आम्ही जागा आम्हीच चुन्याने खुणावतो: भरावाच्या बाहेरच्या काठापासून एक मीटर आत, आणि मोरीच्या पाइपाला लागून. सैल राहिलेला माल इथेच असतो.

भरावाचा बाहेरचा उतार १:२, आणि दर सहा मीटर उंचीला दोन मीटरची सपाट पायरी. खोदाई आणि भराव जिथे मिळतात त्या रेषेवर पहिल्या-दुसऱ्या वर्षी मध्यरेषेला समांतर भेग येते. एका बाजूला खडक हलत नाही, दुसऱ्या बाजूला भराव बसतो. धावपट्टी पूर्ण खोदाईवर ठेवायचा आग्रह याचसाठी. अगदीच टाळता येत नसेल तर त्या रेषेवर खडकाची बाजूही मीटरभर उकरून तोच माल दोन्हीकडे भरायचा आणि वर जिओग्रिडचा थर घालायचा.

पाणी. ७ हेक्टरचा सपाट पट्टा म्हणजे नवं पाणलोट क्षेत्रच. तासाला १०० मिलिमीटर पाऊस आणि वाहून जाण्याचा गुणांक ०.७ धरला तर सेकंदाला १.४ घनमीटर पाणी पट्ट्यावरूनच निघतं. वरच्या अंगाला २० हेक्टर डोंगर असेल तर त्याचं ०.६ गुणांकाने ३.३ घनमीटर. हे दुसरं पाणी धावपट्टीच्या जवळ येऊच द्यायचं नाही. दरडीच्या माथ्यापासून तीन-चार मीटर मागे दगडी बांधणीचा चर खोदून ते दोन्ही टोकांकडे न्यायचं आणि पायऱ्यांच्या सांडव्याने नैसर्गिक ओढ्यात सोडायचं. चर कच्चा ठेवला तर तोच पाणी जिरवतो आणि दरड खाली आणतो. असा चर नसलेलाच बरा. मोऱ्यांना ह्यूम पाइप ९०० मिलिमीटरच्या खाली नको. हिशोबाने लहान बसत असला तरी पाला, फांद्या अडकतात आणि आत माणूस जाऊन साफ करू शकला पाहिजे. उघडी गटारं ६० मीटरच्या पट्ट्याच्या बाहेर. भरकटलेल्या विमानाचं चाक गटारात जाऊ नये, पट्टा त्यासाठीच तर सोडलेला असतो. कापलेल्या बाजूच्या काठाला जमिनीखाली भोकांचा पाइप जिओटेक्स्टाइलमध्ये (पाणी जाऊ देणाऱ्या, माती अडवणाऱ्या कापडात) गुंडाळून, खडीत बसवायचा. तो नसेल तर डांबराखाली जुलैभर पाणी उभं राहतं.

वरचा भाग त्या मानाने सरळ. चार टनांच्या विमानासाठी तळाला २०० मिलिमीटर जीएसबी (खडी-मुरमाचा थर), १२५-१२५ च्या दोन थरांत डब्ल्यूएमएम (पाणी मिसळून दाबलेली खडी), ५० मिलिमीटर डीबीएम (जाड खडीचा डांबरी थर) आणि वर ३० मिलिमीटर बीसी (बारीक खडीचा डांबरी थर), डांबर व्हीजी-३० प्रतीचं. रस्त्याच्या कंत्राटदाराला हे सगळं येतं. त्याला न येणारी गोष्ट सपाटी: तीन मीटरची सरळ मोजपट्टी कुठेही ठेवली तरी खाली तीन मिलिमीटरहून जास्त फट नको. पेव्हर (डांबरी माल पसरवणारं यंत्र) सेन्सरने चालवायला लावा, डंपरने पेव्हरला धक्का दिला की तिथे लाट येते. आडवा उतार एक ते दोन टक्क्यांत बसवायचा. आमच्या पावसात दोनच्या जवळ ठेवावा. कडेचा मुरूम डांबराच्या काठाला भिडवून, किंचित खाली. डांबराच्या प्लँटवरून डोंगरावर माल आणताना तापमान पडतं, डंपर ताडपत्रीने झाकून आणि थर्मामीटर घालून तपासायचा. १४० अंशांच्या खाली आलेला माल परत पाठवायचा. विमान उभं करायची जागा डांबराची करू नये. इंधन, तेल सांडलं की डांबर विरघळतं, खडी सुटते आणि पंख्याला लागते. तिथे काँक्रीट.

बाकीची यादी लहान आहे. १८ मीटर रुंदीला सुरुवातीच्या खुणेचे चार पांढरे पट्टे. वाऱ्याची पिशवी निदान ३.६ मीटर लांब, तोंडाचा व्यास ०.९ मीटर, दोन्ही टोकांना एकेक असावी. कॅराव्हॅनच्या लांबीमुळे अग्निशमन श्रेणी ३ लागते: 'बी' दर्जाच्या आग विझवणाऱ्या फेसासाठी १२०० लिटर पाणी आणि १३५ किलो कोरडी पावडर. कुंपण गुरांसाठी, ते जाळीचं आणि पूर्ण वेढ्याचं. वाडीची पायवाट धावपट्टीवरून जात असेल तर तिला वळसा करून द्या, नाहीतर कुंपण दर आठवड्याला तुटतं. कुंपणाबाहेर उकिरडा होऊ देऊ नका, घारी जमतात. परवान्यासाठी धावपट्टीची ताकद ५७०० किलोपर्यंतच्या विमानांना वजन आणि टायरचा दाब एवढ्याच शब्दांत कळवतात, मोठी गणितं लागत नाहीत. टोकांचे निर्देशांक मात्र डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक पद्धतीत, डीजीपीएसने (जास्त अचूक जीपीएसने) घेतलेले हवेत. तपासणीला येणारे अधिकारी अडथळ्यांचा नकाशा आधी मागतात, म्हणून तो ताजा असावा. दोन वर्षांत समोरची झाडं चार मीटर वाढलेली असतात.

पहिल्या पावसाळ्यात पट्टी बंद ठेवावी, पण माणूस ठेवावा. पाऊस थांबला की त्याने चर, मोऱ्या आणि भरावाचा पायथा एवढं फिरायचं आणि फोटो पाठवायचे. पायथ्याशी गढूळ पाणी येत असेल तर भरावातली माती वाहते आहे. स्वच्छ येत असेल तर काळजी नाही. भरावाच्या उतारावर खेकड्यांची बिळं ऑगस्टपर्यंत दिसू लागतात, ती दगड-मुरमाने ठासून बुजवायची, कारण पाणी तिथूनच आत शिरतं. डांबरावर शेवाळ धरतं. ऑक्टोबरात ते ब्रशने घासून, धुऊन काढल्याशिवाय ब्रेकची चाचणी घेऊ नये. गवत कापून झाल्यावर मध्यरेषा आणि दोन्ही काठ यांच्या पातळ्या दर २० मीटरला पुन्हा घ्यायच्या आणि मेमधल्या पातळ्यांशी ताडून बघायच्या. कुठे १० मिलिमीटरहून जास्त बसलं असेल तर तिथे भेग शोधायची, ती डांबराने बंद करायची आणि खालचा निचरा उघडून बघायचा. खुणांचे पट्टे रंगवायचं काम त्यानंतर.